मी नुसता बसून राहतो

जबाब
बुधवार, तारीख १७, दुपारी १ वाजून ४० मिनिटे

माझे नाव व राहण्याचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून, पाकिटात बंद करून दिला आहे. प्रकरण सहा वर्षांच्या मुलीच्या ताब्याचे आहे आणि तिची ओळख बाहेर जाऊ द्यायची नसते, म्हणून या जबाबात कोणाचेच नाव येणार नाही. वय ५१ वर्षे. धंदा समाजसेवा. म्हणजे नवराबायको मुलासाठी न्यायालयात भांडतात तेव्हा दोन्ही घरे पाहून, मुलाशी बोलून, मूल कुठे सुखरूप राहील याचा अहवाल न्यायालयाला देणे. हे काम मी एकोणीस वर्षे करते. आज स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून, साहेबांनी विचारले ते आणि न विचारलेलेही काही, सांगते ते असे.

सदर मुलगी आईसोबत आईच्या वडिलांच्या घरी वाढली. एक खोली, मध्ये पडदा, बाहेर चार बिऱ्हाडांत मिळून एक व्हरांडा. आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात जाते, त्यामुळे मुलगी दिवसभर आजोबांच्या अंगाखांद्यावर. आजोबांनी तिला बंड्या हे नाव ठेवले आहे व ते तिच्याशी नातवाशी बोलावे तसे बोलतात. काय रे बंड्या, आलास का, जेवलास का. त्यामुळे मुलगीही स्वतःबद्दल मी येतो, मी खातो, मी दमलो असेच बोलते. आईने सांगून पाहिले, शाळेतल्या बाईंनी सांगून पाहिले, पालथ्या घड्यावर पाणी. मी विचारले तेव्हा म्हणाली की मी मुलगी आहे ते मला माहितेय, पण मी असाच बोलतो. साहेब म्हणाले, बाई, हे कशाला लिहायचे. तर सगळे प्रकरण या एका 'तो' वर अडले आहे, म्हणून लिहायचे.

मागील महिन्याच्या ११ तारखेस मी आईचे घर पाहिले व १३ तारखेस वडिलांचे. वडिलांचे फरश्यांचे दुकान असून ते दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. घर लख्ख होते. मुलगी त्या वेळी दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार तिथे राहायला जात असे. तिच्या खोलीत नवा पलंग, गादीवरचे प्लॅस्टिक काढलेले नाही. दाराला बाहेरच्या बाजूने कडी होती. दार जुने व कडी नवी, स्क्रूची डोकी चकचकीत. कडी कशासाठी असे विचारता वडील म्हणाले, मांजर आत जातं. मांजर कुठे आहे असे विचारता म्हणाले, येतं-जातं. घरात मांजराची वाटी नव्हती, कुठे केस नव्हते, आणि झाडून सगळ्या खिडक्यांना जाळी होती. असे साळसूद तोंड करून कोणी खोटे बोलले की एकोणीस वर्षांनंतरही मला थुंकावेसे वाटते. थुंकावेसे हे लिहायचे का, असे साहेबांनी विचारले. मी म्हटले, लिहा.

१४ तारखेस मी मुलीला शाळेत, बाईंच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला खाली बसून भेटले. जवळ कच्ची वही व पेन्सिल. आई हवी की बाबा हवे, हे मी कुठल्याच मुलाला विचारत नाही. तसे विचारणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी. मी फक्त विचारते, झोपतेस कुठे. मुलगी म्हणाली, "बाबांकडे मी झोपत नाही. मी नुसता बसून राहतो. कडी लावतात ना." मग तिने माझी पेन्सिल मागून घेतली व तिचे टोक चावत बसली. कच्च्या वहीत ही वाक्ये याच शब्दांत आहेत. वही सोबत दिली आहे.

आता माझी चूक सांगते. आमच्या कामाचा पहिला नियम असा की मुलाचे शब्द त्याच्या तोंडून आले तसे लिहायचे, वेडेवाकडे, चुकीचे, शिवीसुद्धा. नवीन मुली कामाला लागतात तेव्हा हा नियम त्यांना मीच शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. बऱ्याच वर्षांपूर्वी एका न्यायाधीशांनी माझा अहवाल 'भाषा अशुद्ध' असा शेरा मारून भर कोर्टात परत केला होता. तेव्हापासून मी पक्का अहवाल नाकाने कांदे सोलत लिहिते. २० तारखेस दिलेल्या अहवालात मी मुलीचे वाक्य 'मी नुसती बसून राहते' असे केले. 'राहतो' लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की या बाईला मुलगा-मुलगी कळत नाही, एवढाच विचार होता. कडीचे वाक्य मात्र होते तसे ठेवले, आणि मुलीला वडिलांकडे राहायला पाठवू नये असे अहवालात स्पष्ट लिहिले. २१ तारखेस नियमाप्रमाणे अहवालाची प्रत दोन्ही वकिलांना मिळाली.

२९ तारखेस वडिलांच्या वकिलांनी दुसरा अहवाल दाखल केला. तो देणारे गृहस्थ मुलांच्या मनाचे तज्ज्ञ आहेत. बत्तीस पाने, तारेची बांधणी, रंगीत तक्ते. त्यात लिहिले होते की तज्ज्ञांनी २४ तारखेस, मुलगी वडिलांकडे असलेल्या रविवारी, चार ते सव्वापाच मुलीची आपल्या दवाखान्यात मुलाखत घेतली व मुलीला आईच्या घरी भीती वाटते. माझा अहवाल सहा पानांचा, एका कोपऱ्यात टाचणी. न्यायालयाने या महिन्याच्या ४ तारखेस हुकूम दिला की पुढील तारखेपर्यंत, म्हणजे ३० पर्यंत, मुलगी वडिलांकडे राहील व दर बुधवारी एक तास आईला भेटेल. ५ तारखेस सकाळी तिला वडिलांच्या ताब्यात दिले तेव्हा मी हजर होते. मुलगी रडली नाही. तिने चपला उलट्या पायांत घातल्या होत्या. त्या कोणी सरळ केल्या नाहीत, मीही नाही.

तज्ज्ञांच्या अहवालाची प्रत मला शुक्रवारी, १२ तारखेस मिळाली. न्यायालयाबाहेरच्या बाकावर बसून वाचली. पान १९ वर अवतरणात मुलीचे शब्द होते. 'आईकडे मी झोपत नाही. मी नुसती बसून राहते.' यातले दुसरे वाक्य जगात कोणीही बोललेले नाही. ते मी माझ्या टेबलाशी बसून तयार केले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. 'बाबांकडे' काढून 'आईकडे' घातले, कडीचे वाक्य गाळले, झाली मुलाखत. मुलगी त्यांच्यासमोर पाच मिनिटे जरी बसली असती तरी तिच्या तोंडून दहा वेळा 'तो' निघाला असता. बत्तीस पानांत एकदाही नाही. एका पोरीने जीव मुठीत धरून सांगितलेले गाऱ्हाणे उचलून तिच्याच आईच्या गळ्यात घातले. मला किळस आली. याहून बरा शब्द माझ्याकडे नाही.

इथे मी सरळ न्यायालयात अर्ज द्यायला हवा होता. तसे न करता सोमवारी, १५ तारखेस सकाळी, रागाच्या भरात तज्ज्ञांच्या दवाखान्यात गेले. औषधांच्या दुकानावरची खोली, भिंतभर प्रमाणपत्रे, कोपऱ्यात कोणी हात न लावलेली खेळणी. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हटले, "ती मुलगी तुमच्यासमोर आलेलीच नाही. ती 'राहते' म्हणतच नाही, 'राहतो' म्हणते."

तज्ज्ञ रागावले नाहीत. त्यांनी खणातून माझा अहवाल काढला, पान उघडून ओळीवर बोट ठेवले आणि अगदी गोड आवाजात विचारले, मग मॅडम, तुमच्या अहवालात ती 'राहते' कशी म्हणते. मी अहवाल मिटून त्यांच्याकडे सारला. तेव्हा ते हसले. म्हणाले, "म्हणजे तुम्हीपण बदललंत. तुम्ही प्रत्यय बदललात, मी पत्ता बदलला. दोघांनी मुलीच्या भल्यासाठीच ना?" मग त्यांनी मला चहा विचारला. मी जिना उतरून खाली आले व गटाराशी थांबून थुंकले. ही गोष्ट मोठेपणाने सांगत नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतले होते, आणि ते कोणाला भोवणार आहे हे मला जिन्यातच कळले होते. तरी अर्ज द्यायला मी आज बुधवार उजाडू दिला, कारण अर्जात माझी स्वतःची चूक लिहावी लागणार होती. ते दोन दिवस माझे आहेत, तज्ज्ञांचे नाहीत.

आज सकाळी ११ ते १२ न्यायालयाच्या भेटीच्या खोलीत मुलीची व आईची भेट होती. आजोबाही आले होते. खोलीला एका बाजूने काच असून काचेपलीकडे वडील बसले होते. आजोबा सवयीने म्हणाले, काय रे बंड्या, जेवलास का. मुलीने आधी काचेकडे पाहिले. मग म्हणाली, "मी बंड्या नाही. मी जेवले." आईने विचारले, झोपतेस ना नीट. म्हणाली, मी नीट झोपते. प्रत्येक वाक्य शेवटाकडे येताना ती थांबे, पाढा चुकू नये म्हणून थांबतात तशी, आणि मग 'ले' किंवा 'ते' म्हणे. आजोबा माझ्याकडे पाहत राहिले. सहा वर्षांत जे आईला जमले नाही, शाळेला जमले नाही, ते मी दवाखान्यात तोंड उघडल्यापासून दोन दिवसांत झाले होते. कसे झाले हे मी पाहिलेले नाही. म्हणजे ३० तारखेस न्यायाधीशांनी मुलीला समोर बोलावले तरी ती 'राहते' असेच म्हणणार, आणि तज्ज्ञांचा अहवाल खरा ठरणार.

पावणेबाराच्या सुमारास मुलीला लघवीला जायचे होते. मी म्हटले, जा, बाहेर उजवीकडे. भेटीच्या खोलीचे दार नुसते लोटलेले असते, त्याला कडी नाही, लहान मुलाच्या हातानेही उघडते. मुलगी दारापर्यंत गेली. तिने आतून तीनदा टकटक केली आणि हात मागे घेऊन उभी राहिली. आम्हाला आधी कळलेच नाही की ती काय करते आहे. काचेपलीकडून ते दार दिसत नाही. मी जवळ जाऊन विचारले, ढकलत का नाहीस. ती अगदी हळू म्हणाली, "आतून उघडत नाही. मी वाट बघतो." मग तिने मान वळवून काचेकडे पाहिले व म्हणाली, "बघते." आईने जमिनीकडे पाहिले. आजोबांनी उठून दार उघडले.

भेट संपल्यावर वडील मुलीला घेऊन गेले. मी त्यांना अडवू शकले नाही, माझ्याकडे तसा अधिकार नाही. १२ वाजून ४० मिनिटांनी न्यायालयाच्या कार्यालयात अर्ज दिला, त्यात माझ्या चुकीसह सगळे लिहिले. तिथल्या लिपिकाने शिक्का मारला व सांगितले की ३० तारखेच्या आत काही होणार नाही, बोर्ड, म्हणजे सुनावण्यांची यादी, भरलेला आहे. तिथून मी थेट इथे आले.

साहेबांचे म्हणणे असे की खोट्या अहवालाचा निकाल न्यायालय लावेल, पोलीस त्यात पडत नाहीत. कबूल आहे. तज्ज्ञांचे काय व्हायचे ते ३० ला होवो. माझे काय व्हायचे तेही होवो. हा जबाब वाचला गेला की माझे एकोणीस वर्षांचे सगळे अहवाल लोक भिंग घेऊन तपासतील आणि मला पुन्हा काम मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझे मागणे न्यायाचे नाही, कडीचे आहे. सहा वर्षांच्या मुलीला खोलीत घालून बाहेरून कडी लावतात असा माझा दाट संशय आहे. ती कडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती पाहायला तज्ज्ञ लागत नाही, पोलीस दोन जिने चढला की पुरे. कोणीतरी आजच्या आज जावे, आणि जाताना वडिलांना आधी फोन करू नये. फोन केला तर कडी निघालेली असेल आणि दाराला फक्त चार भोके राहतील. मी सोबत येऊन दार दाखवायला तयार आहे.

जबाब साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, फक्त मुलीच्या बोलण्यात साहेबांनी तीन ठिकाणी 'तो' चे 'ते' केले होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, म्हणाले, हात आपोआप वळला. ती तिन्ही ठिकाणे खोडून मी पुन्हा मुलीच्या शब्दांत करून घेतली आहेत व प्रत्येक खाडाखोडीपुढे माझी सही आहे. पहिली दोन 'मी असाच बोलतो' व 'मी नुसता बसून राहतो'. तिसरे 'मी वाट बघतो'. ते तसेच वाचावे.