बारा पिना

[मंगळवार, ७ जानेवारी २०२५, सकाळचे अकरा. नाशिक, सातपूर; मनोजचे वर्कशॉप. खिडकीपाशी तपासणीच्या टेबलावर पुंजानाना मान खाली घालून मायक्रोमीटरने पोलादी पिनांची जाडी मोजत आहेत. दाराशी त्यांची कन्या ज्योत्स्ना, महाविद्यालयात जीवशास्त्राची प्राध्यापक, आणि मनोज.]

ज्योत्स्ना : म्हणजे चार महिने माझे वडील रोज त्याच बारा पिना मोजत आहेत?

मनोज : हळू, ताई. ऐकतील.

ज्योत्स्ना : ऐकतील, आणि चहा येईपर्यंत विसरतील. मुद्दा तो नाही. तुम्ही त्यांना फसवत आहात, हा मुद्दा आहे.

मनोज : गणपतीत त्यांनी पास केलेला माल परत आला. मग काय करणार? मायक्रोमीटर धरायला मला त्यांनीच शिकवलं. घरी बसा म्हणू?

ज्योत्स्ना : हो. तसे म्हणता येत नसेल तर मी म्हणते. त्यासाठीच आले आहे. स्कॅन मी पाहिला आहे. नवी आठवण मेंदूत जिथे मुरते, तो भाग आकसला आहे. अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर एका प्रथिनाची पुटे साचतात, आत दुसऱ्याचा गुंता होतो, आणि पेशी मरते. मेलेली परत येत नाही.

मनोज : पण हात बघा त्यांचा. जरा थरथर नाही.

ज्योत्स्ना : हाताची सवय मेंदूत दुसरीकडे असते. ती उशिरा जाते, इतकेच. शनिवारी ते इथून घरी निघाले आणि आम्हाला उलट्या दिशेला, त्र्यंबक रस्त्यावर पार शहराबाहेर सापडले. तेव्हा हात कुठे कामी आला?

नाना : मनोज, बाई कोण हायेत?

मनोज : ज्योत्स्नाताई, नाना.

नाना : आमच्या पोरीचं बी हेच नाव. लय वाद घालती. बसा, बाई.

ज्योत्स्ना : बसते.

मनोज : ताई, आजचा दिवस राहू द्या.

ज्योत्स्ना : आजच सांगायचे. खरे काय ते सांगून नेईन.

नाना : मनोज, इकडं ये. ह्या पिना वीस मायक्रॉन कमी हायेत.

मनोज : सगळ्या?

नाना : बाराच्या बारा. कोणीतरी पॉलिश पेपर मारलाय.

ज्योत्स्ना : खरे आहे?

मनोज : (हळूच, तिला बाजूला घेऊन) मीच मारतो, ते घरी गेल्यावर. त्यांच्या हाताच्या घामानं गंज चढतो. गंज दिसला असता तर माल जुना आहे हे त्यांना कळलं असतं.

नाना : आन् हा टॅग बघ. पेटीतच राहिलाय. कालची तारीख, वर 'पास'. सही लागत नाय, नुसत्या रेघा. कोणाची ही?

मनोज : नाना, चहा सांगू?

नाना : चहा मागनं. सही कोणाची?

ज्योत्स्ना : मनोज, सांगू नका.

नाना : बरं, नका सांगू. पण ज्यानं काल ह्या पास केल्या, त्याला उद्यापासून ह्या टेबलावर बसवायचं नाय.