पायात काई हाये असं वाटंचना

तांड्यावरचा जलम मपला. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ न् धान लादून गावोगाव न्यायचे, ते बैल गेले, तांडे एका जागी बसले, शेती आली, पण आमचं चालणं काई सुटलं न्हाई. लगीन होऊन शिरड शहापूरच्या बाजूच्या तांड्यात आले, तव्हापासून रानात जायचं ते साध्या चपलेवर, पट्टा तुटला की तारेनं बांधायचा, तार टोचाय लागली की अनवाणी. टाचा अशा दुखायच्या की सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवताना मी भिंत धरायची. बाईचं दुखणं असंच राहातं, असं समजून होते. कुणाला काय सांगायचं?

मपली लेक सोनाली. पोलीस भरतीसाठी पळते. तांड्यातल्या अजून दोघी, मनीषा न् रेखा, तिच्या संगं. आमच्याकडले एक फौजी भाऊजी नोकरी संपवून घरी आलेत, ते शिकवतात. अंधारात पोरी रस्त्यावर, म्हणून मी राखण करत मागं मागं. कडक बुटात पळून पळून सोनालीची नडगी दुखाय लागली, पळून आली की पाय धरून बसायची, आन् मला धसका, पोरीचं वरीस वाया जातंय का काय.

मग तिच्या भावानं पुण्याहून बूट धाडले. काय सांगू तुमाला ताई, पार्सलवाल्या पोरानं खोका हातात देला आन् मी वराडलेच, आरं थांब, रिकामा खोका देऊन कुठं चाललास! तो बिचारा गाडी वळवून आला, म्हणला मावशी, खोलून तर बघा. खोललं तं आत बूट. तळवा पावासारखा जाड, दाबला की दबतो, सोडला की वर येतो, आन् वजन म्हणाल तं कापूस बरा. मी म्हणलं हे काय आठ दिस टिकत न्हाई.

पोरींचं तं रोज भांडण. रेखा म्हणायची, मी घालून बघितला, गुडघ्याला धक्काच बसत न्हाई. मनीषा म्हणायची, गादीवर पळतंय असं वाटतं, जोरच लागत न्हाई, मपला जुना कडकच बरा. फौजी भाऊजी म्हणाले, रोजच्या सरावाला हा झकास, पण भरतीच्या दिवशी पातळ कडक बूटच घालायचा.

एक दिवस सोनाली क्लासला जवळा बाजारला गेलेली, बूट धुऊन उन्हात ठेवलेले, वाळले म्हणून उचलाय गेले. आजूबाजूला कुणी न्हाई. काय मनात आलं काय ठाऊक, पाय घातला. बराबर बसला. चार पावलं टाकली आन् खाली बघितलं, म्हणलं पायात हाये का न्हाई? मग चालले, मग लुगडं खोचून पळाले बांधापर्यंत. ताई, मी तिथं बांधावर खालीच बसले. दुखलं न्हाई! एवढं वय झालं, जिमीन अशी बी लागते हे मला ठाऊकच न्हवतं. हसू येऊन राहिलं न् रडू बी येऊन राहिलं, आन् राग आला, कुणाचा ते सांगता येत न्हाई.

भरती आली हिंगोलीला. आदल्या दिवशी फौजी भाऊजी म्हणाले, सोनाली, उद्या कडक बूट. मी कधी त्यांच्या म्होरं बोलत न्हाई, पण तोंडातून निघालंच, तिची नडगी त्याच कडक बुटानं गेली व्हती, तिला मऊच घालू द्या, मी पळून बघितलंय त्यात. सोनाली म्हणते, याडी, तू पळालीस? (आमी आईला याडी म्हणतो.) भाऊजींनी मपल्या पायाकडं बघितलं, म्हणले, बरं, जिचा पाय तिनं ठरवावं.

सोनाली मऊ बुटात पळाली. येळेत आली, लंगडली न्हाई. पण मनीषा आपल्या कडक बुटात तिच्या बी म्होरं आली. म्हंजे ती बी खोटी न्हवती. पुढं लेखी झाली आन् मनीषा लागली, मपली राहिली. मला वाटलं आता पोरगी अंथरूण धरते. मी तर रात्रभर तिच्याच उशाशी. तं फटफटायला उठली न् बुटाच्या नाड्या बांधून राहिली! वरून म्हणते, याडी, चल, तू बी घाल. मी म्हणलं काय घालू? तं तिनं खाटेखालून खोका काढला. भावाला सांगून मपल्यासाठी आणवले व्हते. मला बूट! मी तोंडावर हातच ठेवला.

आता रोज दोघी निघतो. म्होरं ती, मागं लुगडं खोचून मी. सासू म्हणते म्हातारपणी याड लागलं, माणसं गाडी थांबवून बघतात. पुढच्या भरतीत काय व्हायचं ते होऊ दे. तुमी इचारता काहून पळता, तं मला बराबर सांगता येत न्हाई, ताई. बरं वाटतं, एवढंच. तुमचं बी बरं होवो.