आईची अर्धी साडी

खोटं पचवायला नशीब लागतं. माझं तर दोन मिनिटंही पचलं नाही.

ताई बाळंत झाली, पोट्टी झाली, आणि मी नाचत बाजारात जाऊन जरीचा फ्रॉक घेऊन आलो. नर्सनं कपाळावर हात मारला. "भैया, ये तो बच्ची को चुभेगा! नानी की कोई पुरानी सूती साड़ी लाओ, धुली हुई."

आईला जाऊन दोनच महिने झाले होते. बाकीच्या साड्या आत्यानं वाटून टाकल्या होत्या. एकच उरली होती, शेवटची नेसलेली, माझ्या उशीखाली. तिला अजून आईचा वास होता, म्हणून आत्यानं चारदा धुवायला मागितली आणि मी चारदा भांडलो. दवाखान्यातून गुढियारीला, आमच्या मोहल्ल्यात, घरी पळालो, अर्धी फाडून घेतली, अर्धी परत उशीखाली ठेवली.

"धुली है ना?" नर्सनं विचारलं.

"हव," मी म्हणालो.

ताईनं पोट्टीला त्यात गुंडाळून छातीशी धरलं. मग साडीचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "काहून रे, धुतली नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत पोट्टीनं धार सोडली. साडी चिंब. ताई टाके धरून हसायला लागली आणि मी रडायला.

"रडू नको," ताई म्हणाली, "ही दिवसातून वीसदा करणार आहे. उरलेली अर्धीपण आण. अन् या वेळी धुऊन आण."

धुतली. दोनदा साबण लावून.