माशांगासेच्या तोंडापुढचा कागद

अगं, हसवू नकोस, कागद आपसूक हलतो मग! हां, धर परत माझ्या तोंडापुढे. 'उखुनी' — उडाला बघ! जळणाचं एकच लाकूड, पण फडफडला की नाही? आता मोळीभर — 'इझिन्कुनी' — ढिम्म! 'उथी', काठी — उडाला. 'इझिन्ती', काठ्या — मख्ख! सहासष्ट वर्षं झुलू बोलतेय मी, पण मधे नाक लुडबुडलं की तोंडातली फुंकर पळून जाते, हे तुझ्या विद्यापीठाला कळलं, या माशांगासेला नाही! अगं आई गं, पोट दुखायला लागलं हसून —

आता काय म्हणू? कोंबडीचं पीस? ते मी आपलं 'कोंबडीचं पांघरूण' म्हणते. खरा शब्द येतो गं, न यायला काय झालं, अंगणात दहा कोंबड्या आहेत! पण सासऱ्यांच्या नावातला आवाज आहे ना त्यात. सासऱ्याचं नाव तर सोडच, नावासारखा शब्दसुद्धा सुनेनं जिभेवर आणायचा नाही. चव्वेचाळीस वर्षं नाही आणला. नवी नवरी होते तेव्हा एकदा अर्धा निसटला — तर सासूबाईंनी थेट माहेरी धाडलं, 'चुकीच्या दंडाची कोंबडी घेऊन ये' म्हणून. आणली, तर दारातच सुटली मेली! मागे कोण धावलं? सासरे! साठीचा माणूस, टोपी एकीकडे, चप्पल दुसरीकडे — मी शालीआड हसतेय, तेही हसतायत, सासूबाई लालबुंद!

लाख माणूस, सासरे. शेवटच्या दुखण्यात नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत, उशाशी मी एकटी. म्हणाले, "माझी आई गेल्यापासून नावानं कुणी हाकच मारली नाही गं मला. तू मार ना एकदा." आणि मी मोठी शहाणी सून! म्हटलं, "बाबा, पेज घ्या." पेज तशीच राहिली — हे कशाला सांगत बसले तुला? तुझं ते आवाज टिपणारं यंत्र चालू आहे होय? राहू दे, राहू दे चालू.

धर कागद. नीट धर! 'इझिम्पाफे', पिसं. 'उफाफे', पीस — अगं बाई, म्हटलं की मी! छप्पर नाही पडलं डोक्यावर! थांब, काढू नकोस कागद. ऐका बाबा — फाफामा. अहो फाफामा! — उडाला का गं? मला दिसलं नाही.

बास. बंद कर ते यंत्र. ऊठ, जा आता. उद्या ये.