विकतच्या गेमची हजेरी

डहाणूच्या बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी आलेले मोरूकाका रांगेत मागच्या नवराबायकोचं बोलणं मजेत ऐकत होते.

"गेम विकत घेतलायस ना? मग खेळ की."

"दर महिन्याला नेटवरून कंपनीला पटवावं लागतं, की तो माझाच आहे. आपल्या उधव्यात रेंज कुठंय?"

"म्हणून लॅपटॉप घेऊन आलायस? मला वाटलं, मला फिरवायला आणलंस."

"तेही आहेच."

"आणि हार्दिकने चोरून उतरवलेला?"

"तो कुठंही चालतो."

"म्हणजे हजेरी फक्त मालकाला."

काका खुदकन हसले. त्यांचा नंबर आला. जाळी ओढून गुळगुळीत झालेला अंगठा त्यांनी मशीनवर तीनदा दाबला.

"काका, जुळत नाही. हे तुम्हीच आहात, हे मशीनला पटत नाही."

काका मागे वळले.

"पोरी, त्या हार्दिकचा नंबर दे."