झेंडा मी चढवला होता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्रेबेन डॅम, व्यासपीठावर बसलेले, मासे धुरवणाऱ्या आपल्या धुरीघराचे संचालक, पाद्रीबाई मार्गित, बंदरावरचे कोळी बंधू आणि भगिनी, आणि जिच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून मच्छीमार संघाच्या या सभागृहात जमलो आहोत त्या आदरणीय गुर्लीबाई पिल...

पाहिलंत ना? ‘बाई’ म्हटल्याबरोबर कपाळाला आठी पडली. ती मला पूर्वीच म्हणाली आहे, “माल्थे, तू मला बाई म्हणायला लागलास की समजावं, तू काहीतरी गळ्यात मारायला आला आहेस.” ठीक आहे. गुर्ली तर गुर्ली. आज गळ्यात मारायला काही आणलेलं नाही.

आत येताना दारातच सहा-सातजणांनी मला अडवलं. म्हणाले, समारंभ आहे आणि झेंडा कसा नाही? प्रश्न रास्त आहे. आपल्या बेटावर कुणाचं मांजर वर्षाचं झालं तरी अंगणात झेंडा चढतो, आणि इथे एकेचाळीस वर्षांची सेवा संपते आहे तर खांब रिकामा. याचं उत्तर द्यायलाच मी उभा आहे, पण मला जरा लांबून यावं लागेल. तेवढा धीर धरा.

पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापला आहे, ‘ब्रँडिंग आणि मार्केटिंग यांतला फरक: गुर्लीचा वारसा’. विषय मीच सुचवला होता. म्हटलं, हातखंडा विषय आहे, वीस मिनिटं सहज निघतील. काल संध्याकाळी लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की या विषयावर बोलायचा अधिकार या सभागृहात ज्या एकाच माणसाला नाही, तो मी आहे.

पाच वर्षांपूर्वी मी कोपनहेगनची जाहिरात कंपनी सोडून इथे धुरीघराच्या नोकरीत आलो. आठवतं का, याच भिंतीवर मी पडदा लावला होता? दोन वर्तुळं काढली होती, एक निळं, एक लाल. सांगितलं होतं, मार्केटिंग म्हणजे गिऱ्हाइकाला हाक मारणं, आणि ब्रँडिंग म्हणजे आपला चेहरा त्याच्या मनावर ठसवणं. चेहरा ठसायचा तर तो रोज दिसायला हवा. आपला चेहरा कोणता? तर धुरीघरावरचा झेंडा. मग तो वर्षातले साठ-सत्तर दिवसच का दिसावा? मे ते सप्टेंबर, रोज चढवू या. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. प्रेबेन, तुम्ही तर उभे राहून वाजवल्या होत्या. राहू द्या, मान खाली घालू नका, आज ती पाळी माझी आहे.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून गुर्ली म्हणाली, “झेंडा ज्या दिवशी खांबावर नसतो, त्या दिवसांमुळे त्याला किंमत आहे.” आणि उठून गेली. धुरीच्या आल्डर लाकडाला धग लागली होती, तिला वेळ नव्हता. मला मनातून हसू आलं. म्हटलं, म्हातारी चांगली आहे, पण धंद्यातलं हिला काय कळतं.

आता मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत... नको, ते माझं जुनं भाषण झालं. तोंडात बसलं आहे, क्षमा करा. या बंदरातल्या माणसांना गुर्लीची सकाळ मी काय सांगायची? तुम्ही ती जन्मभर पाहिली आहे. पण कोपनहेगनहून तिची भाचरं आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. हेरिंग मासे सळयांना ओवून धुरावर टांगायचे. जाळ भडकला की लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या ओल्या फडक्याने तो दाबायचा. अकराच्या सुमाराला मधल्या सळईचा मधला मासा काढायचा, उभ्या उभ्या खायचा. पसंत पडला तर झेंडा. नाही पडला तर दाराला साखळी, आणि ते मासे खेकड्यांच्या पिंजऱ्यात आमिष म्हणून. बाहेर कोण उभं आहे हे तिने कधी पाहिलं नाही. एकदा मंत्री उभे होते. तेही साखळी बघून परत गेले.

मी पुन्हा पुन्हा मागे लागलो तरी तिने रोज झेंडा चढवू दिला नाही. मग आला दोन वर्षांपूर्वीचा जुलै.

त्या गुरुवारी मी टीव्हीवाल्यांना बोलावलं होतं. शिवाय फेरीबोटीने पर्यटकांच्या चार बसगाड्या. आणि आदल्या दोन दिवसांच्या पावसाने लाकूड ओलं. गुर्लीने मासा तोंडात घातला, थुंकला आणि म्हणाली, “कडवट आहे. साखळी लाव.” मी म्हटलं, “गुर्ली, अगं, कॅमेरे आलेत.” ती म्हणाली, “मग त्यांना साखळी दाखव.” आणि ट्रॅक्टर घेऊन कोरडं लाकूड आणायला जंगलाकडे निघून गेली.

मागच्या शीतपेटीत पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका कारखान्याचे धुरवलेले हेरिंग होते, माझ्याच हट्टाने मागवलेले. ते मी सळयांना लावले, तासभर धगीपाशी धरले, साखळी काढली.

आणि झेंडा मी चढवला.

हे वाक्य मी दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणतो आहे. गुर्ली सोडली तर इथे कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मजा बघा, सूर्यास्ताआधी झेंडा उतरवायचा हा आपला नियम मोडू नये म्हणून मी फोनमध्ये गजरसुद्धा लावला होता. झेंड्याच्या मानाची केवढी काळजी!

पर्यटक खूश होते. टीव्हीवर आपला खांब सुंदर दिसला. मार्केटिंग म्हणाल तर त्या दिवसाइतकं चांगलं मी आयुष्यात केलेलं नाही.

तिसऱ्या रांगेत आयगिल बसले आहेत. चाळीस वर्षं जहाजांना आपल्या बंदरात वाट दाखवणारे आयगिल. त्या जुलैत त्यांची बायको कार्ला अंथरुणाला खिळलेली होती. तिला जेवण जात नव्हतं, पण तिने सांगून ठेवलं होतं, “झेंडा दिसला की मला एक हेरिंग आण. झेंडा नसेल तर नको.” आयगिल नऊ दिवस खिडकीत दुर्बीण घेऊन बसले होते. गुरुवारी झेंडा दिसला. हातात काठी घेऊन ते आपल्या घराखालचा चढ उतरून आले. मासा मी स्वतः कागदात बांधून दिला. म्हणालो, “ताजा आहे.” त्यांनी माझे आभार मानले.

कार्लाने एक घास घेतला आणि ताटली बाजूला सारली. म्हणाली, “गुर्लीची जीभ गेली रे.” सप्टेंबरात कार्ला गेली. मधल्या दोन महिन्यांत झेंडे चढले होते, पण तिने पुन्हा हेरिंग मागितला नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी गुर्ली लाकूड घेऊन आली, तेव्हा माझा गजर अजून वाजायचा होता. तिने झेंडा उतरवला, घडी घातली आणि विचारलं, “कोणी?” मी म्हटलं, “मी.” घडी काखेत मारून ती लाकूड रचायला आत गेली. रागावली असती तर मी वाद घातला असता, माझ्याकडे आकडे तयार होते.

काही दिवसांनी आयगिल दुकानात येऊन तिला म्हणाले, “कार्लाला मासा गेला नाही, गुर्ली.” मी गल्ल्यापाशी उभा होतो. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बोट दाखवणार. ती म्हणाली, “झेंडा माझा आहे, आयगिल. चूक माझी.”

ते गेल्यावर मी म्हणालो, “तू खोटं का बोललीस?” काठीचं फडकं पिळत ती म्हणाली, “खोटं काय त्यात? खाणाऱ्याला दोरी कुणी ओढली ते ठाऊक नसतं. त्याला झेंडा ठाऊक असतो.”

मित्रहो, फरक एवढाच आहे. लोकांनी चढ उतरून यावं म्हणून मी जे करतो ते मार्केटिंग. नऊ दिवस दुर्बीण घेऊन बसावंसं वाटतं, ते दुसरं. ते तिने एकेचाळीस वर्षांत, साखळ्या लावून लावून कमावलं होतं, आणि मी एका दुपारी, चार बसगाड्यांसाठी खर्चून टाकलं. माझ्या पडद्यावर दोन वर्तुळं होती खरी, पण आत काय असतं ते मला माहीत नव्हतं.

आणि इथेच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. गावात बोलणं पसरलं, गुर्लीची जीभ गेली. या जानेवारीत संचालकांच्या बैठकीत प्रेबेननी फार हळुवारपणे विचारलं, “गुर्ली, चव पूर्वीसारखी लागते ना?” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी समोरचे कागद सारखे करत होतो. ते सारखेच होते. मग ती म्हणाली, “वय झालं,” आणि तिच्या निवृत्तीचा ठराव झाला. तो कागदावर उतरवला मी. अक्षर चांगलं आलं आहे.

अध्यक्षमहोदय, तो ठराव ज्या कारणाने झाला ते कारण खोटं होतं, असं पत्र मी आज सकाळी तुमच्या टेबलावर ठेवलं आहे. त्यात माझ्या नोकरीचं काय करायचं तेही तुमच्यावर सोपवलं आहे. तुम्ही अजून ते उघडलेलं दिसत नाही. सावकाश उघडा.

आता खांब रिकामा का, ते सांगतो. माझ्या हातून तो झेंडा पुन्हा चढणार नाही. ही घडी इथे टेबलावर आहे. आणि या बशीत आज सकाळचा मासा आहे, मधल्या सळईचा, मधला. नव्या धुरीवाल्या सिग्नेने काढून दिला आहे. गुर्ली, तू खाऊन सांग. पसंत पडला तर तूच चढव, आणि मागची टेबलं मांडलेलीच आहेत.

नाही, उठू नकोस, मीच बशी घेऊन येतो.

...

काय? जरा मोठ्याने म्हण, मागे ऐकू गेलं नाही.

ती म्हणते आहे, खालचं लाकूड ओलं होतं.

सिग्ने, इकडे बघ. होतं का ओलं? ...सिग्ने हो म्हणून मान हलवते आहे. खालचा थर कालच्या पावसात भिजला होता, तिला वाटलं, कळणार नाही.

आयगिल, ऐकलंत? तिची जीभ गेलेली नाही. एक दिवसही गेलेली नव्हती. कार्लाला मी फसवलं होतं. त्या ताटलीतला मासा गुर्लीचा नव्हता, माझा होता. हे मी तुमच्या घरी, कार्लाच्या उशापाशी येऊन सांगायला हवं होतं. तो चढ मला चढवला नाही.

तर मंडळी, आज झेंडा नाही. मागच्या टेबलांवरचे हेरिंग पिंजऱ्यांत जातील. काळा पाव आहे, लोणी आहे, कॉफी आहे. दाराला साखळी मी लावतो, तेवढं काम मला जमेल.

रिवाजाप्रमाणे मी आता तुम्हाला पेले उंचावून तीनदा जयजयकार करायला सांगायला हवं. ते कुणी दुसऱ्याने सांगावं, माझ्या तोंडून तिला ते शोभणार नाही. अध्यक्षांचे, संचालकांचे, सभागृह दिल्याबद्दल मच्छीमार संघाचे, आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार मानतो.

आणि बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या, असं शेवटी म्हणायची पद्धत आहे. जास्त झालं असेल तर जरूर सांभाळून घ्या. पण कमी बोललो तो जानेवारीतल्या त्या बैठकीत. ते मात्र सांभाळून घेऊ नका.