भागम्माचं चांगलं क्रियापद

चंद्रप्पा : आधी हिशोब मांडू, भागम्मा. सून परभणीच्या साळंत इंग्रजी शिकवायला लागली तर तुझा फायदाच. दिवसभर घर तुझं, चूल तुझी, मधी बोलायला कुणी न्हाई.

भागम्मा : आन राबायलाबी कुणी न्हाई, त्ये धरा की. कापडदुकानात बसून नफा तेवढा दिसतो तुमाला.

शिवानी : आत्याबाई, उद्या फक्त एक तास शिकवून दाखवायचंय. दुपारी परत येते मी.

भागम्मा : उद्या सोमवार हाय. जंगमस्वामी जेवायला यायलेत, पुरणाचा सैपाक हाय, माझा खांदा धरलाय. तरी जा म्हणले असते. पर काल गिरणीवर गेले न्हवं?

शिवानी : मग?

भागम्मा : शेजारच्या मनकर्णाची पोरगी तुझ्या शिकवणीला येती. चारचौघात मला बघून वरडली, 'भागम्मा ग्रंबल्स!' म्हणलं, ह्ये काय गं? तर म्हणती, भागम्मा कुरकुरती. 'भागम्मा ग्लेअर्स', म्हंजी डोळे वटारती. 'भागम्मा स्लॅम्स द डोअर', म्हंजी दार आपटती! सारी गिरणी हासायली.

चंद्रप्पा : चुकीचं एकबी न्हाई त्यात.

भागम्मा : तुमी गप बसा. तुमचंबी हाय. 'चंद्रप्पा स्लर्प्स.' च्या भुरकून पिता म्हणून.

(चंद्रप्पा तोंडाजवळ नेलेली बशी खाली ठेवतात.)

शिवानी : चुकलं माझं. मुलांना नुसतं 'गो', 'कम', 'ईट' येतं. पुस्तकातली वाक्यं दुसऱ्या दिवशी विसरतात. म्हणून ओळखीचं माणूस घेतलं. तुमचं नाव आलं की शब्द डोक्यातून जातच नाही त्यांच्या.

भागम्मा : अन् सासूत चांगलं काईच सापडलं न्हाई? कुरकुर, डोळे आन दार?

शिवानी : सापडलं ना. ते उद्यासाठी राखून ठेवलंय. 'भागम्मा हम्स.'

भागम्मा : आता ह्ये काय करते मी?

शिवानी : कणीक तिंबताना गुणगुणता तुम्ही. तोंड मिटलेलं, शब्द नाहीत, नुसता सूर. लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी तेच ऐकलं. वाटलं, या घरात निभेल आपलं.

भागम्मा : मी? कवा? अवं, मी गुणगुणते का?

चंद्रप्पा : लगीन झाल्यापसून. मला वाटलं, तुला ठावं हाय.

भागम्मा : ...त्ये सांगणार तू तिथं?

शिवानी : जायला मिळालं तर.

भागम्मा : सांग. पर आज सांजच्याला मनकर्णाच्या पोरीला शिकीव. आधी आपल्या झरी गावात कळू दे, मग परभणीत. आन पैली यष्टी धर. लिंगपूजा करून, खाऊन जा, उपाशी पळू नको. पोळ्या मी लाटते, पुरण ह्ये वाटतेल.

चंद्रप्पा : मी? ह्या हिशोबात मी कुठून आलो?

भागम्मा : फायदा मोजायला पुढं होता की. शिवानी, आण ती कणकेची परात हिकडं. खांदा चालतो का बघू दे.

शिवानी : चालायलाय की, आत्याबाई.

चंद्रप्पा : हात चालायलाय. सूर कुठं हाय?

भागम्मा : कसा येईल? दोघंबी कान लावून बसलात. इतकी वर्सं न कळता यायचा, आता कळलं तर येईना. फायदा समद्यांचा, खर्च तेवढा माझा. जरा तिकडं बघा दोघं.